चोच वाकलेली टोपी

मी टोपी बोलतेय. हिरवी, कपाळावर पांढऱ्या दोऱ्याने ‘चॅटवुड’ भरलेलं, आणि पुढे उन्हापासून डोळे झाकणारी ही अशी चोच. सध्या आहे तिथे मला घालून कुणी बाहेर पडलं तर लोक हुर्यो करतील. म्हणून कपाटात बसून तुमच्याशीच बोलते.

अलाबामात चॅटवुड कॉलेजच्या फाटकासमोर दुकान आहे, तिथे मी खुंटीवर होते. एके दिवशी एक उंच म्हातारा आला, दंडाला पट्टी बांधलेली. एझेल ब्रॉडनॅक्स त्यांचं नाव. मूत्रपिंडं थकली म्हणून दिवसाआड ते चॅटवुडच्या इस्पितळात रक्त गाळून घ्यायला येत. ज्या खुर्चीवर तासन्‌तास पडून राहायचं, तिच्या खिडकीतून कॉलेजचं मैदान दिसे.

“मोठ्यातली मोठी द्या,” दुकानातल्या मुलीला ते म्हणाले. “माझ्या नातवाचं डोकं म्हणजे भोपळा आहे भोपळा!”

तो भोपळा म्हणजे टेव्हियन. लांबोडा चेंडू बगलेत मारून पळतात त्या फुटबॉलमध्ये, पळणाऱ्याला वाट करून द्यायला समोरचे धिप्पाड गडी अंगावर घ्यायचे, हे त्याचं काम. सबंध राज्यात त्याच्या तोडीचा पोरगा नव्हता. कॉलेजांचे कोच ब्रॉडनॅक्सांच्या ओसरीवर येऊन तळलेले मासे खाऊन जात आणि जाताना पोराच्या आईची, लॅट्रीसची, मक्याच्या पावावरून भरभरून स्तुती करत. लॅट्रीस हसून म्हणे, “पावासाठी आलेत म्हणे! मेले लबाड!”

आमच्याकडे अशा पोराचा फैसला सगळ्या गावासमोर होतो. शाळेच्या जिममध्ये टेबलावर टोप्या मांडायच्या आणि पोराने जी उचलून डोक्यावर घातली, ते त्याचं कॉलेज. टोप्या घरच्यांनी आणायच्या, आणि त्या कोऱ्या करकरीत हव्यात. घालायचा पहिला मान पोराचा.

आजोबांनी नेमकं तेच मोडलं. घरी नेऊन त्यांनी माझी चोच गरम पाण्यात बुडवली आणि कॉफीच्या मगात खोचून वाळवली, म्हणजे छान बाक येतो. मग परसातल्या छपरीत डुकराच्या फासळ्या धुरावर लावून बसताना ते मला डोक्यावर घालू लागले. अहाहा! काय दिवस होते ते! हिकरीच्या लाकडाचा धूर, त्यांच्या केसांचं तेल, आणि त्यांचं ते स्वतःशी पुटपुटणं. “शनिवारी सामना. शनिवारी मला सुट्टी. पहिल्या रांगेत बसायचं, भाजलेल्या नाही, उकडलेल्या शेंगा घ्यायच्या.” ऐकून ऐकून मलाही त्या शनिवारांची ओढ लागली.

लॅट्रीसने एकदा पाहिलंच. “बाबा! टेबलावरची टोपी आहे ती!”

“अगं, नरम करतोय. त्याचं डोकं कडक आहे, तुझ्यासारखं.”

फैसल्याच्या आदल्या संध्याकाळी टेव्हियन ओसरीवर त्यांच्याशेजारी येऊन बसला. आजोबांनी मला झटकन मांडीखाली सारलं.

“आजोबा, खरं सांगा. चॅटवुड की नॉर्थलेक?”

नॉर्थलेक म्हणजे उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. विमानानेच जायचं. दिवसाआड सुया टोचून घेणाऱ्या माणसाने तिथे जायचं नाव काढू नये.

मांडीखाली माझा जीव घुसमटला. सांगा ना हो आजोबा, एकदा तोंडातून काढा की!

“चॅटवुडला कोच टिकत नाही,” आजोबा म्हणाले. “दरवर्षी नवा येतो, दरवर्षी नवं शिकवतो. नॉर्थलेकचा म्हातारा तुझ्या कामातला वस्ताद आहे. तुझे पाय अजून उशिरा हलतात, ते तो सुधारेल. डोळे झाकून जा.”

“आणि तुम्ही?”

“माझ्याकडे टीव्ही आहे की! चांगला भिंतीएवढा आहे.”

दुसऱ्या दिवशी जिम खच्चून भरली होती. टेबलावर मी, नॉर्थलेकची निळी, आणि नुसती शोभेला टेक्सासची एक लाल. त्या दोघींच्या चोची सपाट, चकाकत्या. मी तेवढी वाकडी. लाज वाटली म्हणाल तर नाही वाटली.

टेव्हियनने दोस्तांबरोबर एक गंमत ठरवली होती. सगळीच पोरं करतात ती. आधी भलत्याच टोपीला हात घालायचा, गावाला हूल द्यायची. त्याने मला उचललं. पार कानापर्यंत नेलं. जिम नुसती दणाणली!

आणि पहिल्या रांगेत आजोबा उठून उभे राहिले. काठी खाली पडली तरी त्यांना भान नव्हतं. दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. स्वतःच ‘जा’ म्हणाले होते, तरीही. मलाही वाटलं, झालं, जिंकलो आपण!

तेवढ्यात टेव्हियन हसला, मला खाली ठेवलं आणि निळी टोपी घातली. टाळ्या, आरडाओरडा, फोटो. आजोबांनी हात खाली घेतले आणि तेही टाळ्या वाजवू लागले, सगळ्यांत जोरात.

संध्याकाळी मी छपरीतल्या खिळ्याला परत लटकले. आजोबांच्या डोक्यावर आता निळी होती.

जायच्या आदल्या दिवशी टेव्हियन छपरीत बॅगेला बांधायचा पट्टा शोधायला आला. मी दिसले तशी त्याने मला सहज डोक्यावर घातली. बरोबर बसले. त्याने मला काढून उलटंपालटं केलं, वाकलेल्या चोचीवरून अंगठा फिरवला, आत नाक खुपसलं. धूर आणि केसांचं तेल.

तो आजोबांपुढे जाऊन उभा राहिला. “ही तुम्ही घालत होता?”

“उंदीर घालत असतील.”

“आजोबा! त्या दिवशी तुम्ही का उठलात, आत्ता कळलं मला. आधी बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कुठे जाऊ. जिथे जायला हवं ते सांगितलं. मला काय हवं, ते कुठे विचारलंस, ठोंब्या?”

एवढं मोठं धूड, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडलं. आजोबांच्या हातात उलथनं होतं, ते ठेवायलाही सुचलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी टेव्हियनच्या बॅगेत, बुटांच्या वर, मी होते.

आता नॉर्थलेकच्या त्याच्या खोलीत राहते. बाहेर ढीगभर बर्फ. माझ्यातला धुराचा वास उडत चाललाय, त्याची मला फार भीती वाटते. छपरीची, त्या पुटपुटण्याची इतकी आठवण येते की विचारू नका. शनिवारी सामना संपला की टेव्हियन दार लावतो, मला डोक्यावर चढवतो आणि घरी फोन लावतो.

“पाहिलात?”

“पाहिला. तिसऱ्या डावात पाय उशिरा हलले.”

“हो.”

“बाकी छान. थंडी फार आहे ना तिकडे? डोक्यावर काही घातलंयस का?”

“टोपी आहे.”

“कुठली?”

टेव्हियनचा हात माझ्या चोचीवर आला.

“वाकडी,” तो म्हणाला.

पलीकडे आजोबांनी नाक ओढलं. “काढू नकोस लगेच,” ते म्हणाले. “अजून थोडा वेळ राहू दे.”