गाठीतली शिवण

औषध सुरू झाल्यावर ताईच्या मानेवरची गाठ ओसरायला हवी होती, ती वाढली.

हे प्रथम तिच्याच लक्षात आलं, आणि तेही धंद्याच्या सवयीनं. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर जोडत असे. मापाची पट्टी दिवसभर गळ्यात लोंबत असायची. एका दुपारी मशीनची सुई बदलता बदलता तिनं ती पट्टी सहज स्वतःच्या मानेभोवती फिरवली, आणि घरी आल्यावर धाकट्या भावाला म्हणाली, "जगाच्या गळ्यांची मापं माझ्या हातात, आणि बिघडला तो माझाच गळा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच बघ."

भाऊ डॉक्टर होता, पण नाडी बघणारा नव्हे. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला तो शिकत होता. माणसांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटे. काचेवरच्या पेशींशी मात्र त्याचं तासन्‌तास जमे. ताई त्याला गोगलगाय म्हणायची.

गाठीत क्षयाचे जंतू आहेत हे आधीच सिद्ध झालं होतं. ते नेहमीच्या औषधांना दबणारे आहेत, हेही. म्हणूनच गाठीचं वाढणं कुणालाच उमगेना. शेवटी सर्जननं गाठीचा लहानसा तुकडा काढला. त्यातला काही भाग जंतू उगवतात का ते पाहण्यासाठी बाटलीत गेला, उरलेला भावाच्याच विभागात आला.

त्या विभागात एक दंडक होता. घरच्याची काच घरच्यानं वाचायची नाही. तो घातला होता विभागप्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे 'मोठ्या मॅडम' म्हणत, जरी उंचीनं त्या विभागात सगळ्यांत लहान होत्या. "तिथं डोळा बघत नाही, काळीज बघतं," त्या म्हणायच्या.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना त्यानं ताईची काच उचलली.

निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. बारीक, किंचित वाकलेल्या, कुणी निजलेल्या माणसाच्या पापण्या गळून पडाव्यात तशा. थोड्याच होत्या, पण होत्या. इतके दिवस गोळ्या घेऊनही होत्या. जन्मभर आधी विचार करून मग गप्प बसणारा तो मुलगा त्या संध्याकाळी विचार न करता बोलला. "ताई, औषध लागू पडत नाहीये. जंतू अजून आहेत. मी पाहिले."

ताई ताटावरून उठली नाही, रडली नाही. तिनं गोळ्यांचं पाकीट फक्त बोटानं दूर सारलं. "मग हे विष मी कशासाठी गिळतेय? सकाळभर मळमळ, मशीनवर बसलं की चक्कर. गाठ वाढायची ती वाढतेच आहे. बास झालं."

"बंद नको करूस, मी..."

"तूच म्हणालास ना? वर्षातून एकदा तोंड उघडतोस, तेव्हा तरी तुझं ऐकायला नको?"

दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्या घेतल्या नाहीत. अर्ध्यावर सोडलेल्या औषधातून जे जंतू वाचतात, ते पुढे नेहमीच्या गोळ्यांना जुमानेनासे होतात, हे त्याला पाठ होतं. आपल्याच तोंडच्या एका वाक्यानं ताई त्या वाटेला लागली होती. तो सरळ मॅडमच्या खोलीत गेला आणि दंडक मोडल्याचं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "लाल काड्या दिसल्या. बरं. जिवंत होत्या की मेलेल्या?"

हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

"अरे शहाण्या, हा रंग चढायला जीव लागत नाही. त्याच्या अंगावरचं मेणाचं कातडं लागतं. जंतू मेला तरी ते कातडं कितीतरी दिवस टिकतं. तू प्रेतं मोजून आलास आणि घरी जाऊन सांगितलंस, फौज चालून आली!"

"पण गाठ वाढली, मॅडम."

"वाढणारच. जंतू जिवंत होते तोवर त्यांनी आतल्या पेशींना दाबून ठेवलं होतं. औषधानं ते फुटले, त्यांचे तुकडे गाठभर पसरले, आणि आता कुठे आतल्यांना कळलं की घरात कोण शिरलं होतं. ही सूज बहुधा त्या जागे झालेल्यांची गर्दी आहे. बाटलीत काय उगवतं ते कळेपर्यंत मी शपथ घेणार नाही. पण तोवर गोळ्या थांबता कामा नयेत." मग क्षणभर त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "बहिणीला इथं घेऊन ये. तू समजावत बसलास तर ती आजारानं नाही, कंटाळ्यानं जाईल."

ताई आली ती कुरकुरतच. "माझीच मान मला काचेवर दाखवणार म्हणे. आरसा काय वाईट होता?"

तिथं दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. मॅडमनी त्यावर दुसरी काच चढवली, लाल काड्यांची नव्हे. पेशी गुलाबी आणि जांभळ्या रंगात उजळवणारी. एका बाजूला ताईनं डोळा लावला, दुसऱ्या बाजूला त्यानं. त्या दिवशी भीतीनं जे पाहू दिलं नव्हतं, ते आज त्याच्यासमोर उलगडलं.

मध्यभागी विरजल्या दुधासारखी एक निर्जीव, गुलाबी जागा. तिच्याभोवती लांबट पेशी एकमेकींना बिलगून उभ्या, कुठेही फट न ठेवता. त्यांच्यापलीकडे पहारेकरी पेशींच्या बारीक जांभळ्या दाण्यांची दाटी, नजर पोचेल तिथवर. त्या दाण्यांतला एकेक जण आयुष्यभर गाठीगाठींतून फिरत असतो, एकाच शत्रूची खूण मनात घेऊन. बहुतेकांना तो शत्रू कधी भेटतच नाही, आणि ते तसेच निमूट विरून जातात. इथं मात्र काहींना तो भेटला होता. एकाचे अनेक झाले होते, त्या अनेकांनी इतरांना हाक घातली होती. हे सगळं ताईच्या मानेत, ती कॉलरी जोडत असताना, भाजी निवडत असताना, त्याला गोगलगाय म्हणून चिडवत असताना. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी आभार मानणार नव्हतं. त्याला वाटलं, आपण चप्पल बाहेर काढून यायला हवं होतं.

"हे मोठं धूड कोण?" ताईनं विचारलं.

"अनेक पेशी एकजीव होऊन झालेली एकच पेशी," तो कुजबुजला. "एकट्या पेशीला जे गिळता येत नाही, ते गिळण्यासाठी."

"आणि हे जांभळे ठिपके कडेनं एका ओळीत..." ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. "अरे, ही कॉलर आहे. काठाकाठानं टाके घातलेत. आणि तो सगळा गोल बघ. मधलं कापड गेलंय ते गेलंय. पण पुढे उसवू नये म्हणून चारी बाजूंनी कड शिवून घेतलीय." तिनं डोळा उचलला नाही. "कोण रे हे?"

"तूच," तो म्हणाला.

ती बराच वेळ पाहत राहिली. मॅडम खिडकीकडे तोंड करून उगाच काचा पुसत होत्या.

"आणि मी गोळ्या टाकल्या," ताई अखेर म्हणाली. "हे बिचारे दाटीवाटीनं उभे, आणि मी रसद तोडली." तिनं पिशवीतून पाकीट काढलं. गोळ्या तिनं बरोबरच आणल्या होत्या. तो पाकिटाकडे बघत राहिला. "बघतोस काय, गोगलगाय? पाणी दे."

बाटलीचा निकाल यायला आठवड्यामागून आठवडे गेले. बाटलीतला, जंतूंच्या खाद्याचा हिरवा, तिरपा थर तो रोज खिडकीशी धरून पाहत असे. जंतू जिवंत असते तर त्यावर पिवळट, खरखरीत कण उगवले असते. ज्या दिवशी मॅडमनी मुदत संपल्याचं सांगितलं, त्या दिवशीही तो उतार कुणी पाऊल न टाकलेल्या टेकडीसारखा स्वच्छ होता.

त्यानं कारखान्यात फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती.

"ताई, काहीच उगवलं नाही."

"बोल, बोल, मोठ्यानं! वर्षातून एकदा बोलतोस, तेही ऐकू येत नाही."

"काहीच उगवलं नाही!" तो ओरडला. विभागातल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

पलीकडे एक यंत्र थांबलं.

"ऐकलं," ताई म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण थट्टा जागेवर होती. "गाठही आता वाटाण्याएवढी राहिलीय. राहू दे, पहारा असावा थोडा. आज कुर्त्याच्या गळ्याचं वरचं बटण लागलं बघ."

मग यंत्र पुन्हा सुरू झालं. फोन ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नसावं. तो टाके पडत जाण्याचा आवाज ऐकत उभा राहिला.