गुंडी, पिंजरा आणि बाबांचं मशीन

अरे ऐका ना, आधी ऐका, मग हसा! आमच्या गुंडीनं, अरे पिल्लानं, काल जे केलं ना, अजून अंगावर काटा येतोय. हा बघा!

झालं असं, बाबा शिंपी, पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. समोरच्या इस्त्रीवाल्याची कुत्री आमच्या मशीनखालच्या चिंध्यांच्या खोक्यात व्यायली, तीन आठवडे सगळी पिल्लं तिथंच. मग तो घेऊन गेला, आणि मोठी झाल्यावर एक मला दिलं. तीच गुंडी.

तर गेल्या सोमवारी हिनं जमिनीवरची सुई तोंडात घेतली! सुईत दोरा होता म्हणून बाबांनी ओढून काढली, नाहीतर... जाऊ दे. बाबा पांढरेफटक. म्हणाले, "रविवारपर्यंत कामाच्या वेळी पिंजऱ्यात बसायला शिकली तर ठीक. नाहीतर परत इस्त्रीवाल्याकडे. माझ्या हातून तिचा जीव जायला नको."

मी गुंडीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत खाऊ ठेव, दार लगेच लावू नकोस, घरात शांतता ठेवा." झालं! आमच्याकडे थोडंसं काही करतच नाहीत. पिंजरा पार मागच्या खोलीत. आत नवीकोरी गादी, बाबांनी कडेला गोट लावून शिवलेली. गुंडी आत गेली की बाबांचं मशीन बंद, आईची भांडी बंद, आत्या फोनवर कुजबुजणार. आत्या! जिची कुजबुज चार घरांना ऐकू जाते. आणि गुंडी? खाऊ गट्टम करून बाहेर. दार लावलं की असली किंचाळायची, जणू शेपूट दारात चेंगरलंय.

आत्या म्हणाली, "तुझ्या बाबावर गेलीये. कोंडलं की असाच बोंबलायचा."

"ताई, बाहेर गिऱ्हाईक आहे," बाबा म्हणाले.

असं करता करता शनिवारही गेला. मी तर जेवलेच नाही.

रविवारी सकाळी इस्त्रीवाला यायचा होता. आईनं पिंजरा आणून पुढच्या खोलीत ठेवला, त्याला द्यायला. मी गुंडीला मांडीवर घेऊन बसले. बाबांचं काम हे एवढं तुंबलेलं, आठवडाभर मशीन सारखं बंद ना! सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचे. म्हणाले, "तो येईस्तोवर चार टिपा मारून घेतो." आणि पाय चालवला.

खटखटखटखट.

गुंडीचे कान टवकारले. मांडीवरून उतरली. पिंजऱ्यात शिरली, ती गोटवाली गादी दातांनी धरून ओढत बाहेर टाकली! मग मशीनखालून एक चिंधी घेतली. आत नेली. परत आली, दुसरी नेली. तिसरी. गोल गोल फिरली, नाक पोटात खुपसलं आणि झोपली. दार सताड उघडं, खाऊ नाही, काही नाही!

बाबांनी पाय थांबवला. गुंडीचा एक डोळा उघडला. पाय चालवला. डोळा मिटला. शपथ! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

आत्यानं तर चालू फोनच ठेवून दिला, आता बोला!

मग आई हळूच म्हणाली, "अहो, हिचे कान उघडले तेव्हा पहिला आवाज ऐकला तो याच मशीनचा. आणि आपण आठवडाभर तेच बंद करत होतो."

एवढंसं पिल्लू, अरे! तळहाताएवढं होतं तेव्हा. आणि लक्षात ठेवलं!

तेवढ्यात इस्त्रीवाला दारात. "कुठंय आमची पोरगी?"

बाबांनी मान न उचलता हनुवटीनंच दाखवलं. तो उकिडवा बसला, बघतच राहिला. म्हणाला, "मास्तर, जरा थांबा की, नीट बोलू."

"थांबता येत नाही," बाबा म्हणाले. "उठेल ती."

तो हसत हसत रिकाम्या हातानं गेला. आणि बाबांचा पाय दुपारी दोनपर्यंत थांबला नाही. सगळे गणवेश झाले, वर माझ्या फाटक्या दप्तरालाही टीप मारून दिली!