शंभर ग्रॅम

“पावडर पुन्हा संपली? महिना संपायला अजून आठवडा आहे!” सासूने रिकामा डबा उलटा करून ठोकला. “पाय फुटले का तिला?”

सून मुलीची दुधाची बाटली धूत होती. “आई, मी मापानेच घालते हो.”

“माप बाटलीत घालतेस की तोंडात?”

पलंगावर मोजे चढवत बसलेल्या म्हातारीच्या लेकाने मान वर केली नाही. दूध पावडरच्या कारखान्यात पाकिटं भरणारं मशीन तोच चालवायचा. सगळंच महागलं तेव्हा साहेबांनी शक्कल लढवली: भाव तोच, पाकीट तेवढंच, आत माल कमी. वर्षात दोनदा, पन्नास-पन्नास ग्रॅमने. सेटिंग यानेच फिरवलं. नवं वजन पाकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं, की कायद्याचं तोंड बंद. घरी सांगायला कुणी याचा हात धरला नव्हता. पण आई गल्लीभर सांगत फिरायची, माझ्या लेकाच्या कारखान्याचा माल म्हणजे एकदम चोख. ते ऐकताना त्याला फार बरं वाटायचं.

सुनेने कचऱ्यातून पाकीट काढलं आणि पदराने पुसलं. “हे बघा, चारशे ग्रॅम लिहिलंय. आधी पाचशे असायचं. मी कशाला चोरू?”

“तू काय, सोयीचं तेच वाचशील!” म्हातारीला बारीक अक्षर दिसत नव्हतं. तिने पाकीट लेकाच्या हातात दिलं. “तू वाच रे. तुझ्याच मशीनवरचं ना? तू सांगशील ते खरं.”

त्याने पाकीट उजेडात धरलं. बायको त्याच्याकडे बघत होती. आता सुटले एकदाची, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“पाचशे,” तो म्हणाला.

भित्रा होता मेला, दुसरं काही नाही.

बायकोने पाकीट परत घेतलं, आकडा पुन्हा एकदा नीट पाहिला आणि पाकिटाची घडी घातली.

“मग मीच खाल्ली असेल,” ती म्हणाली.

“बघ! झाली ना कबूल?” सासू म्हणाली.

नवं पाकीट ओतलेला डबा सासूच्या कपाटात गेला, किल्ली कमरेला. रोज सकाळी सून बाटली घेऊन कपाटापाशी उभी राहायची. सासू बोटाने चमचा सपाट करून मोजून पावडर द्यायची. नवरा तेवढ्यात बूट घालून बाहेर पडायचा.

त्याही महिन्यात पावडर पुरली नाही. सासूने कुलूप बदललं.