चौथ्या आवाजाचे शब्द

"थांबा बाबा, परत गा. दुसऱ्या आवाजात 'सांज' नेमकं कुठल्या सुरावर येतं?"

सून संगणकावर गाण्याचे सूर आणि शब्द उतरवत बसली होती, सासरे शेजारच्या खुर्चीत. ते शाळेत गाण्याचे मास्तर होते. जन्मभर दुसऱ्यांची गाणी बसवली आणि निवृत्तीनंतर स्वतःचं एकच रचलं, चार आवाजांनी एकत्र गायचं. वहीत सूर चारही आवाजांचे होते, शब्द मात्र फक्त पहिल्या आवाजाखाली. बाकीचे त्यांच्या डोक्यात.

"सगळे शब्द पहिल्यालाच चिकटतायत," ती वैतागली. "बाकीचे तिघे मूग गिळून बसलेत."

मास्तर हसले आणि गायले. फाटक्या, घोगऱ्या आवाजात. ती एकेक अक्षर सुराखाली बसवत गेली. सोमवारी त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं. घशातली गाठ पसरली होती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तीन आवाज झाले.

"चौथा उद्या," ते म्हणाले. "खर्जातला आहे, माझ्यासाठीच लिहिलाय. गळा जरा ताजा हवा."

शनिवारी पहाटे त्यांचा श्वास कोंडला. डॉक्टर सोमवारपर्यंत थांबले नाहीत.

अठरा दिवसांनी ते घरी आले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. चार दिवस जाऊ देऊन सुनेने त्यांना संगणकासमोर बसवलं आणि हातात पाटी दिली.

"नुसतं बोट ठेवा बाबा. अक्षरं मी टाकते. इथे 'दूर' येतं ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग पुढच्या सुरावर?"

नाही.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मान हललीच नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुला वाटेल तिथे टाक.'

"मला कसं कळणार? तुमच्या मनात आहे ते!"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'मनात गाऊन बघतो रोज. तिथेही आवाज येत नाही.'

तेवढ्यात नवरा कामावरून आला, दारातूनच म्हणाला, "काय, झालं का गाणं?"

"तिघांचं झालं," ती म्हणाली.

तिने पानं छापली. चौथ्या ओळीत सूर होते, खाली कोरा कागद.

मास्तरांनी पानं हातात घेतली, मांडीवर आपटून कडा नीट जुळवल्या आणि न वाचताच टेबलावर पालथी ठेवली.