तलावाखालचं माणूस

"इथं रात्री कोण झोपतं?" अपर्णा मॅडमनी विचारलं.

"कुणीच न्हाई. गोठा हाय निस्ता," रत्नपाल म्हणाला. तलावाच्या भिंतीखालच्या त्या पत्र्याच्या घरात त्याची माय पद्माबाई भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज बाहेर चांगला ऐकू येत होता.

मॅडम शाखा अभियंता होत्या. तालुक्यातल्या गोरेगावपासून जरा आत असलेल्या या पाझर तलावाची भिंत गळत होती, ती पाहायला त्या आल्या होत्या. तलाव नेमका कुणाचा, यावर दोन खात्यांची वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालली होती. पद्माबाईला हा प्रश्न कधी पडला नव्हता. रोजगार हमीत तिनं आणि मुंजाजीनं या भिंतीवर माती टाकली होती. नवरा गेला, तलाव राहिला. पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरवायचं, एवढंच त्याचं काम. गावाची विहीर त्याच मुरलेल्या पाण्यावर उन्हाळा काढायची.

पद्माबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "मी झोपते इथं. काहून लपवून राहिला रे?"

रत्नपालचं तोंड उतरलं. गावात मायच्या नावानं घरकुल झालं होतं. ती तिथं राहत नाही हे कळलं तर पंचाईत होईल, म्हणून त्यानं ही हुशारी केली होती.

मॅडमनी समजावून सांगितलं, "मावशी, भिंत फुटली तर खाली माणूस सापडेल का, यावर तलावाचा वर्ग ठरतो. माणूस असेल तर धोका मोठा, दुरुस्ती आधी. नसेल तर नंबर मागे जातो. पण तुम्ही राहता असं लिहिलं, तर पावसाळ्याआधी तुम्हाला इथून उठावं लागेल."

पद्माबाईनं घराकडे एकदा पाहिलं. "लिहा. हीर वाचंल ना?"

मॅडमनी लिहिलं. दुरुस्तीचं काही कळलं नाही, घर सोडायची नोटीस मात्र झटपट आली. पत्रे काढताना पद्माबाई रडली, लपून नव्हे, चांगली मोठ्यानं. घरकुलात तिला करमेना. तिथून तलाव दिसत नव्हता.

पावसाळा तसाच गेला. हिवाळा सरता सरता मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा मायलेक भिंतीवर जाऊन उभे राहिले. बोटभर होती ती गळती आता मनगटाएवढी झाली होती.

मॅडमना बोलणं जड गेलं. "मावशी, आता खाली कुणी राहत नाही. त्यामुळे वर्ग खाली आला. दुरुस्ती यंदा होणार नाही."

"तुमीच उठवलं ना मला?"

"हो."

"म्हंजी मी हाय तोवर धोका. मी उठले की धोका न्हाई. बराबर?"

"नियमानं तसंच होतं."

रत्नपालच्या ओठांवर शिवी आली होती. मायनं हातानंच त्याला थोपवलं आणि ती भिंतीची उतरण उतरू लागली. घराच्या जागी आता नुसती सारवलेली जमीन उरली होती, तिलाही भेगा पडलेल्या. तिनं पदरानं खडे बाजूला केले आणि भर दुपारी तिथं आडवी झाली.

"लिहा, बाई," ती खालून ओरडली. "पद्माबाई मुंजाजी खिल्लारे. इथंच निजते."

ऊन चांगलंच तापलं होतं. रत्नपाल खाली उतरला आणि मायच्या तोंडावर आपली सावली पडेल असा उभा राहिला.