वास येत नाही

“बोला नाकोबा, येतोय का वास?”

मोठ्या मॅडमनी विचारलं आणि चाचणीच्या खोलीतल्या पंख्यांनीही श्वास रोखला. समोरच्या लोखंडी पेटीत प्रवासी विमानासाठी आलेली नवी, हलकी बॅटरी होती. तिला तापवून झालं, दाबून झालं, ठोकून झालं. धूर नाही, ठिणगी नाही. भिंतीवरचं गॅस ओळखणारं यंत्रही गप्प. पण आतलं रसायन जरा जरी पाझरलं तरी गोडसर वास सुटतो, आणि त्यातूनच पुढे आग. तो वास यंत्राच्या आधी नाकोबांना यायचा, म्हणून शेवटचा शब्द त्यांच्या नाकाचा.

त्या नाकाचं काय सांगावं! एकदा म्हणे त्यांनी टेलिफोनवर पलीकडच्या बाईंना सांगितलं होतं, “आधी गॅस बंद करा, तुमचं दूध लागतंय.” साक्षीदार होते, सगळ्यांच्या बदल्या झाल्या.

तेच नाक गेल्या थंडीत गेलं. जन्मभर बॅटऱ्या जाळून जाळून त्यानं मालकाच्या आधी निवृत्ती घेतली. ठाऊक फक्त बायकोला. नाकोबा थकले होते. नोकरीचे उरलेले महिने कसेबसे ढकलायचे, एवढंच मनात होतं.

“आटपा हो,” चष्मेवाला इंजिनियर म्हणाला. “जुनी बॅटरी म्हणजे नुसता धोंडा. तुम्ही एकदा नाही म्हणा, की ही विमानात चढली.”

नाकोबा पेटीवर बाह्या टेकवून वाकले. हुंगलं. काही नाही.

“वास येत नाही.”

टाळ्या पडल्या. कुणी पाठ थोपटली. “चला, हीच घेऊ,” मॅडम म्हणाल्या.

खोटं बोलले नव्हते ते. पण उद्या विमानाच्या खिडकीशी जी कुणी बाई बसेल, तिला हे कोण समजावणार?

“मॅडम, वास येत नाही म्हणजे… मला येत नाही.”

“हो, तेच लिहितोय आम्ही.”

“तसं नव्हे हो! बॅटरीला असेल. मलाच येत नाही. कसलाच. स्वतःच्या मोज्यांचासुद्धा नाही.”

कुणीतरी एकटंच हसलं आणि थांबलं.

“आणि हे तुम्ही आज सांगताय?”

“थंडीनंतरच्या बाकीच्या बॅटऱ्या धूर ओकून आपणच बोलल्या, मॅडम. नाकाची गरज पडली ती आजच.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “निर्णय उद्या. तुम्ही उद्यापासून गोदामात बसा.”

“बसतो.”

घरी बायकोनं रोजच्यासारखा शर्ट हातात घेतला, हुंगला आणि थबकली.

“अहो, बाहीला हे काय? पिकल्या फळासारखं गोड. वर नखांच्या रंगाचा वास. कोण बाई आलीय ऑफिसात?”

खुर्चीत टेकलेले नाकोबा उठले. “पुन्हा हुंग.”

“हुंगलं की! गोडच आहे. आणा, भिजत घालते.”

“धुऊ नकोस. माझा जेवणाचा डबा दे, शर्ट त्यात बंद करतो.”

“त्यात शर्ट? मग उद्या जेवाल कशात?”

“उद्या राहू दे जेवण. आधी मॅडमना हुंगायला देतो.”

त्यांनी शर्टाची घडी घालून डब्यात कोंबली. झाकण लावण्याआधी सवयीनं डबा नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला. मग झाकण घट्ट दाबून बसवलं.