उपाशी इंजिन

साखळीबाबाने हातातली लोखंडी साखळी गरगर फिरवली आणि गाडीच्या बॉनेटवर दाणकन हाणली. रंगाचे टवके उडाले. दुसरा फटका गाडीच्या मालकाच्या उघड्या पाठीवर बसला. रक्त आलं, आणि गॅरेजच्या आवारात जमलेल्या शर्यतवेड्यांनी जयजयकार केला.

मालक म्हणजे गर्दीत उभ्या असलेल्या ताईचा धाकटा भाऊ. दोन तासांनी तो याच गाडीतून घाटातल्या शर्यतीत उतरणार होता.

“मघाशी खडखड ऐकलीत ना? दात वाजवत होतं भूत!” बाबा गरजला. “दीड लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनात ते शिरतंच. म्हणून सांगतो, इंजिन उपाशी आणा, रात्रभर न चालवलेलं. पोट भरलं की भूत बोलत नाही!”

त्याने मधासारखं दाट ‘तीर्थ’ इंजिनात ओतलं. चावी फिरली. खडखड गायब! लोक भक्तीने रडायचेच बाकी होते.

ताई तेल तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करी. गेल्या महिन्यात असंच एक ‘बरं झालेलं’ इंजिन वळणावर फुटलं, चाकं जाम झाली आणि गाडी कड्यावर आदळली. चालकाचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. त्याची श्रद्धा कमी पडली, असं बाबाने जाहीर केलं. पण त्या इंजिनाचं तेल ताईने गाळलं होतं. गाळणीवर काय उरलं, ते तिला ठाऊक होतं.

“उपाशीच का हवं?” तिने विचारलं.

“ताई, आता नको गं,” भाऊ कळवळला.

रांगेत पुढची लाल गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. ताई त्यांना म्हणाली, “डॉक्टर, सुरू करा.” इंजिन पाच-सहा सेकंद खडखडलं. “बंद करा. बाबांचे मंत्र चार मिनिटं चालतात. आपण नुसतं घड्याळ बघू.”

चार मिनिटांनी डॉक्टरांनी पुन्हा चावी फिरवली. आवाज नाही! तीर्थ नाही, फटका नाही, तरीही खडखड गायब.

“भूत कंटाळून गेलं वाटतं,” डॉक्टर म्हणाले. कुणीतरी फिस्कन हसलं.

बाबाच्या चेल्याने पाना उचलला आणि ताईच्या कपाळावर घातला. ती भिंतीवर आपटली. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळलं. चेल्याने पुन्हा हात उगारला, तेव्हा भावाने त्याचं मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाना खाली पडला. तोच उचलून भाऊ आपल्या गाडीखाली शिरला.

“गाळणी दे, ताई.” ती तिने प्रयोगशाळेतून सोबत आणली होती.

काळं तेल धो धो आलं. गाळणीत नखाएवढे तपकिरी, कडक तुकडे उरले.

“हे तुझं भूत,” ताई रुमालाने कपाळ दाबत भावाला म्हणाली. “इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारी साखळी असते, ती प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकते. साखळी ताणून धरणारा दट्ट्या तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरतं, साखळी सैल पडते आणि पट्टीवर आपटते. दाब भरला की गप्प. चार मिनिटांत ते तेल परत खाली उतरत नाही. कुणीही चावी फिरवली तरी गप्पच. पण तुझी पट्टी तुटलीये. घाटात पूर्ण वेगात साखळी सुटली असती, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन फुटलं असतं.”

“मग उपाय काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“योग्य दर्जाचं तेल वेळेवर बदला, पातळी उतरू देऊ नका. थंड इंजिन खडखडलं तर साखळीवरचं झाकण उघडून पट्टी बदलून घ्या. आवाज ही तक्रार असते. तिला मारून गप्प करू नका.”

साखळीबाबा फाटकाकडे सरकू लागला होता. गर्दीतल्या दोघांनी पाने उचलले. ताई आडवी आली.

“मारू नका. पोलिसांना बोलवा. फटक्यांनी खरं-खोटं ठरत असतं, तर याचं तीर्थही खरंच ठरलं असतं.”

पाने खाली आले. भावाने गाडीच्या दारावरचा शर्यतीचा क्रमांक टरकन ओढून काढला.

“चल,” तो म्हणाला. “आधी तुझ्या कपाळाला टाके घालून घेऊ. आज गाडी जागची हलणार नाही.”